चौथ्या रांगेतली हाक

शेफील्ड,
९ फेब्रुवारी १९९४

श्री. हॅलम यांस,

तुमची-माझी ओळख नाही. मंगळवारच्या पेपरात तुमचं निवेदन वाचलं. 'टिंडरमेन' या बँडला ज्यांनी समोर बसून ऐकलंय त्यांनी आठवणी लिहून पाठवाव्यात, त्यांचं पुस्तक काढायचंय, असं तुम्ही म्हटलंय. मी त्यांना समोर बसून ऐकलेलं नाही. छतातून ऐकलंय, वर्षानुवर्षं, आणि ते थांबावं म्हणून झाडूच्या दांड्याने छत ठोकत ऐकलंय. तेव्हा पुस्तकात घालण्याजोगं माझ्याकडे काही नाही. तरी लिहितेय, कारण मला एक विचारायचंय.

माझा मुलगा क्लाइव्ह त्यांच्यापायी वेडा होता, वरच्या खोलीत सारख्या त्यांच्याच रेकॉर्डी लावायचा. कानशी बनवण्याच्या कारखान्यात उमेदवारी करायचा. सतरा वर्षांचा. नोव्हेंबर १९७४ मध्ये ते लोक इथे सिटी हॉलमध्ये आले, तेव्हा तिकिटासाठी हा रांगेत चार तास उभा होता. घरात दूध आणायला सांगितलं तर पाय दुखायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला बसला तर आवाज पार बसलेला. पावाला चरबी लावून देत होते, तर म्हणाला, "आई, मी 'नावाड्याचा कोट' म्हणा, 'नावाड्याचा कोट' म्हणा, असं ओरडलो आणि गाणाऱ्याने ऐकलं! मला म्हणाला, चौथ्या रांगेतल्या, घसा सांभाळ, उद्या कामावर जायचंय ना!"

विल्फ, म्हणजे माझा नवरा, पेपरातून मान वर न करता म्हणाला, "त्या टोळक्यात एक तरी शहाणा आहे म्हणायचा."

"गाणं म्हटलं का मग?" मी विचारलं.

"नाही म्हटलं. पण माझ्याशी बोलला ना!" मग म्हणाला, की शेजारच्या खुर्चीवर एक जण मांडीवर कोटाची घडी घेऊन बसला होता आणि आत टेपरेकॉर्डर. हा ओरडला तसं त्याने कोपर मारलं, "तोंड बंद ठेव रे, टेप चाललीय." दुसरा कोणी चिडला असता. हा खूश. "आई, मी टेपवर आहे! या टेपा कुठे कुठे जातात, माहितीये? हॉलंडला जातात!"

पुढच्या मार्चमध्ये बेकवेलच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. जागच्या जागी गेला. आता एकोणीस वर्षं होतील.

त्याचे फोटो अकरा आहेत. आवाज एकही नाही. आमच्याकडे तसलं यंत्र कधी नव्हतंच. माझ्या डोक्यात त्याचा आवाज आता एवढासा उरलाय. मागच्या दारातून आत येताना "आई, काय आहे गं खायला?" म्हणायचा, तेवढाच. मुद्दाम आठवायला गेले तर येत नाही. भांडी घासताना वगैरे आपसूक येतो, आणि हल्ली तोही कमी झालाय.

तो कोटाची घडी घेऊन बसलेला माणूस कोण, हे तुम्हा लोकांत कुणाला ठाऊक असेल का?

आपली,
एनिड स्टॅनिफोर्थ


रॉदरहॅम,
१२ फेब्रुवारी १९९४

मिसेस स्टॅनिफोर्थ,

तो माणूस मी.

तुमचं पत्र हातात घेऊन मी डेपोत चहाच्या खोलीत बसलो होतो. इथे मी बसगाड्यांचं वेळापत्रक लावतो. सहकारी म्हणाले, काय रे डेस, कोण गेलं? मी म्हटलं, गेलं नाही, आलं.

सिटी हॉलमध्ये दोन हजारांच्या वर माणूस मावत नाही. मी त्या कार्यक्रमाला होतो असं शपथेवर सांगणारे मला आजवर निदान सहा हजार भेटलेत. कोणी म्हणतं पडदा पेटला होता, कोणी म्हणतं ढोलकऱ्याने काठी फेकली ती माझ्याच डोक्यावर बसली. हे सगळं ऐकून घ्यायची मला सवय झालीय. पण गायकाचं ते 'घसा सांभाळ' मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि दुसऱ्या कोणी मला सांगितलेलं नाही. तुमचा मुलगा खराच तिथे होता. माझ्या डाव्या हाताला होता.

मला तो आठवतो. उंच, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले, हाताला तेलाचा वास. प्रत्येक ओळ गायकाच्या आधी म्हणायचा, जसं काही गायकालाच विसर पडेल. मी वैतागलो होतो. आम्हा टेप करणाऱ्यांचा एक नेम असतो, मिसेस स्टॅनिफोर्थ. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, शेजाऱ्यालाही बोलू द्यायचं नाही. मी त्यांचे एकतीस कार्यक्रम ऐकले आणि सगळ्यांत खांबासारखा बसलो. आनंद नंतर घरी जाऊन करायचा, एकट्याने, हेडफोन लावून. कोपर मारल्याची आज लाज वाटतेय.

टेप माझ्याकडे आहे. तो तिच्यावर आहेच, कारण यंत्र त्याच्यापासून हातभर लांब होतं. रविवारी माळ्यावरून खोकं काढतो, प्रत करतो आणि पाठवतो. तुम्ही वाजवायचं यंत्र तेवढं मिळवून ठेवा.

आपला,
डेस हॅलम


शेफील्ड,
१६ फेब्रुवारी १९९४

प्रिय मि. हॅलम,

'हाताला तेलाचा वास' इथवर वाचलं, पत्राची घडी घातली आणि कपाटात ठेवलं. तासाभराने पुन्हा काढलं. तेलाचं मी विसरले होते. टॉवेलांवरून मी त्याला किती बोलायची!

यंत्र आणलं. बाजारात विकणारा मुलगा म्हणाला, आजी, हल्ली सीडी घेतात. मी म्हटलं, तू मला अक्कल शिकवू नकोस, मी कारखान्यात तुझ्या आजीसारख्यांचे काटे-चमचे चकचकीत करण्यात तीस वर्षं घालवलीत. ते स्वयंपाकघरात पावाच्या डब्यामागे ठेवलंय.

विल्फला सांगितलेलं नाही. मि. हॅलम, त्याने एकोणीस वर्षांत मुलाचं नाव घेतलेलं नाही. क्लाइव्ह गेला त्या सकाळी दोघांचं त्या रेकॉर्डींवरून वाजलं होतं. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी दुकानात गेले होते. मी परत आले तोवर क्लाइव्ह गाडी काढून गेला होता. विल्फला मी कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आम्ही भाज्यांबद्दल बोलतो. हवेबद्दल बोलतो.

तर मी आधी एकटी ऐकेन, आणि मग बघू. तुम्ही काढलंत का खोकं? मी घाई करत नाहीये. करतेच आहे, खरं तर.

एनिड स्टॅनिफोर्थ


रॉदरहॅम,
२२ फेब्रुवारी १९९४

ह्यू,

नेहमीसारखा चावटपणा करू नकोस, हे नीट वाच. मी एका बाईचा घात केलाय.

चौऱ्याहत्तरची शेफील्डची टेप तुला माहीतच आहे. एक पोरगा माझ्या शेजारी बसून 'नावाड्याचा कोट' म्हणून ओरडला होता. तो पुढे अपघातात गेला. त्याच्या आईकडे त्याचा आवाज नाही आणि मी तिला मोठ्या तोंडाने लिहून बसलोय की तो माझ्या टेपवर आहे. टेप न ऐकताच लिहिलं. रविवारी ऐकली. नाहीये.

नसणारच. मूळ कार्यक्रम दोन टेपांवर होता. तो एका नव्वद मिनिटांच्या टेपवर बसवायला मी गाण्यांच्या मधलं सगळं गाळलं. गाणं संपलं की बटण दाबायचं, पुढचं सुरू झालं की सोडायचं. गायकाचं बोलणं, शिट्ट्या, टाळ्या, तो पोरगा, सगळं गेलं. कोऱ्या टेपा तेव्हा परवडायच्या नाहीत, म्हणून मूळ दोन्हींवर मी शहात्तरला ब्रॅडफर्डचा कार्यक्रम घेतला. म्हणजे पोरगा पुसलाही मीच.

गाळण्याआधी मी कोणाला प्रत दिली होती का रे? तुला? त्या हॉलंडवाल्याला? न्यूकॅसलच्या भावांना? सगळ्यांना विचार. पाया पडतो.

डेस


स्वॉन्झी,
११ मार्च १९९४

डेस, गड्या,

सगळ्यांना विचारलं. हॉलंडला फोन केला, न्यूकॅसलला केला, त्या लीड्सच्या कटकट्यालाही केला, त्याने त्यात स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं पाऊण तास सांगितलं. सगळ्यांकडे तीच प्रत, तुझ्या हातची, गाळलेली. आणि खरं सांगू? तेव्हा आम्हीच तुझी पाठ थोपटली होती. शेफील्डची टेप बघा, म्हणायचो, किती स्वच्छ, एक खोकला नाही की शिंक नाही. डेसला कान आहे म्हणायचो.

ओरडणं टिकलेलं तुझ्या टेपांत एकच, आणि ते तुझंच. ब्रॅडफर्डला त्यांनी 'नावाड्याचा कोट' धरलं तेव्हा तू नेम मोडून 'नावाड्याचा कोट!' म्हणून बोंबललास. सुरावर बसलं म्हणून गाळता आलं नाही. 'डेसचं गाढव' म्हणतात त्याला अजून, हॉलंडमध्येसुद्धा.

बाईला खरं सांग. रडेल. तरी सांग, आणि लवकर सांग.

ह्यू


शेफील्ड,
२९ मार्च १९९४

प्रिय मि. हॅलम,

तुमचं उत्तर नाही. तुम्ही आजारी तर नाही ना?

सोळा तारखेला क्लाइव्हचा दिवस झाला. मनात होतं की त्या दिवशी ऐकायला मिळेल. नाही मिळालं तर नाही. टेप खराब झाली असेल, थोडीच लागत असेल, तरी चालेल. अर्धा शब्द असला तरी चालेल.

एनिड स्टॅनिफोर्थ


रॉदरहॅम,
७ एप्रिल १९९४

प्रिय मिसेस स्टॅनिफोर्थ,

उशीर झाला, माफ करा. टेप जुनी, जपून काम करावं लागलं.

सोबत पाठवली आहे. पहिली बाजू लावा आणि अगदी शेवटी जा. शेवटचं गाणं संपतं, टाळ्या होतात, आणि मग एक जण 'नावाड्याचा कोट!' म्हणून ओरडतो. एकदाच. लगेच बाजू संपते, त्यामुळे गायकाचं उत्तर आलेलं नाही. ओरडण्याखाली गिटारीचा थोडा सूर आहे, तिकडे लक्ष देऊ नका, वादक तार लावत होता.

यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही.

आपला,
डेस हॅलम


शेफील्ड,
२४ एप्रिल १९९४

प्रिय डेस,

आता मी तुम्हाला मि. हॅलम म्हणणार नाही आणि तुम्ही मला एनिड म्हणा.

तोच आहे. ऐकल्या ऐकल्या ओळखलं. 'कोट'वरचा तो हेल, शेवट वर उचलायचा, तसा आमच्या गल्लीत दुसरं कोणी बोलत नव्हतं. मी एकटीच होते. ऐकलं, मागे नेलं, ऐकलं. किती वेळा ते विचारू नका.

आणि मग काय झालं ते ऐका. विल्फ भाजीच्या वाफ्यांवरून लवकर परतला. मला चाहूलच लागली नाही. वळून बघते तर दारात उभा, हातात कांद्याची पात, बुटांना चिखल. मी यंत्र बंद करायला गेले, तर म्हणाला, "राहू दे. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. मग तो चिखलाच्या बुटांनीच खुर्चीत बसला. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणाला, "त्या सकाळी मी त्याला काय बोललो, तुला माहीत नाही." मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, "मी म्हटलं, हा कोलाहल एक तर तू बंद कर, नाही तर घराबाहेर चालता हो. तर तो घराबाहेर गेला."

एकोणीस वर्षं हे त्याने एकट्याने बाळगलं, डेस. मी रडले, तो रडला, कांदे तसेच जमिनीवर पडलेले. त्यानंतर आजपर्यंत तो बोलतोच आहे. क्लाइव्ह सहा वर्षांचा असताना कोंबडीला पट्टा बांधून फिरवायला न्यायचा, हे मी विसरले होते, त्याला आठवतं. परवा शिडी लावून त्याने कपाटावरच्या रेकॉर्डी खाली काढल्या आणि एकेक पुसली. काल मला म्हणतो, यातली काही तितकी वाईट नाहीत गं.

हे सगळं मी तुमच्या पुस्तकासाठी लिहून काढलंय, सोबत आहे. नाव-गाव सगळं घाला. टेपवर पहिल्या बाजूच्या शेवटी आमचा मुलगा ऐकू येतो, हे ठळक छापा, म्हणजे ज्यांच्याकडे ती टेप आहे ते सगळे ऐकतील. विल्फचीच कल्पना.

१९ जूनला क्लाइव्हचा वाढदिवस. इतक्या वर्षांत आम्ही तो कधी केला नाही. यंदा विल्फची बहीण हिल्डा आणि शेजारी येणार आहेत, चहा, हॅमचे सँडविच आणि केक. तुम्ही यायचंच. विल्फला तुमचा हात हातात घ्यायचाय.

तुमची,
एनिड


रॉदरहॅम,
३० मे १९९४

प्रिय एनिड,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. हे पाचवं, आणि हे मी डेपोच्या पेटीत टाकूनच घरी जाणार.

टेपवरचा आवाज क्लाइव्हचा नाही. माझा आहे.

शेफील्डच्या टेपमधून मी गाण्यांमधलं सगळं वर्षभरातच गाळून टाकलं होतं, जागा वाचवायला, आणि मूळ टेपा दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरल्या. क्लाइव्ह त्यात पुसला गेला. तुम्हाला पहिलं पत्र लिहिताना माझ्या हे ध्यानातच नव्हतं. मी वीस वर्षं ती टेप ऐकत होतो गाण्यांसाठी, मधे काय नाही याचा विचार कधी केलाच नाही. मग मी देशभर आणि बाहेरही चौकशी केली. कोणाकडे काही नाही.

ते मी तुम्हाला तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तुमचं 'अर्धा शब्द असला तरी चालेल' आलं, आणि माझ्याकडे ब्रॅडफर्डच्या कार्यक्रमातली माझी स्वतःची आरोळी होती, त्याच गाण्यासाठी, त्याच गावाकडच्या बोलीत, मी तेवीस वर्षांचा असतानाची. ती मी शेफील्डच्या बाजूच्या शेवटी जोडली. एका संध्याकाळचं काम होतं. मला वाटलं, कोणाचं काय जातंय?

मनाला टोचलं म्हणून कबूल करतोय असं लिहिलं तर ते अजून एक खोटं होईल. तुमचं लिखाण छापलं तर तीनशे लोक ती बाजू लावून बघतील, त्यांच्या टेपवर ते नसेल, आणि एखादा तरी ती आरोळी ओळखून तुम्हाला पत्र टाकेल. ते इतर कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. भीतीने लिहितोय, एनिड. आणि विल्फचं वाचल्यापासून मला झोप नाही, हेही खरं आहे.

तुम्ही म्हणाल ते मी करीन. विल्फसमोर येऊन उभा राहा म्हणालात तर येईन. वाढदिवसाला मात्र पाहुणा म्हणून येण्याची माझी लायकी नाही.

डेस


शेफील्ड,
३ जुलै १९९४

मि. हॅलम,

तुमचं पत्र आलं तेव्हा विल्फ वाफ्यांवर होता. वाचलं, बारीक फाडलं आणि बटाट्याच्या सालांखाली टाकलं. त्याला सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

वाढदिवस झाला. विल्फने टाय लावला होता. सगळ्यांना गोल बसवलं, यंत्र मधे ठेवलं आणि म्हणाला, "आता खोकायचं असेल तर आत्ताच खोका." मग लावली. हिल्डा ओक्साबोक्शी रडली, म्हणाली, हुबेहूब क्लाइव्ह, अगदी हुबेहूब. शेजारी इथे राहायला येऊन सहाच वर्षं झालीत, त्यांनी क्लाइव्हला पाहिलेलंही नाही, तेही डोळे पुसत होते. म्हणाले, आवाजावरूनच कळतं, चांगला मुलगा असणार. मी केक कापला. सगळ्यांना सारखे तुकडे दिले.

आता तुम्ही कबूल केलंत तसं मीही करते. ऐकल्या ऐकल्या ओळखलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, हा आपला नाही. दुसऱ्यांदाही वाटलं. मग मी मनाला म्हटलं, एनिड, वीस वर्षं झाली, तूच विसरलीस, हा माणूस शेजारी बसला होता, तो खोटं कशाला सांगेल? आणि ऐकत राहिले. दहाव्या-बाराव्या वेळी तो क्लाइव्ह झाला. त्यानंतर झालाच.

मी तुम्हाला सांगितलं होतं, माझ्याजवळ एवढासा उरला होता. मागच्या दारातला. तो आता गेला. भांडी घासताना अजून येतं, "आई, काय आहे गं खायला?", पण येतं ते टेपवरच्या आवाजात. हात पाण्यात तसेच ठेवून मी थांबते, आधीचा आठवून बघते. नाही येत. रोज बघते. तुमचं पत्र येऊन महिना झाला, मला ठाऊक आहे की हा आवाज रॉदरहॅमच्या कोणा बसवाल्याचा आहे, आणि तरी तोच येतो. ठाऊक असून काही उपयोग होत नाही.

फेब्रुवारीत तुम्ही मला दोन ओळी लिहिल्या असत्या, की बाई, माझ्या हातून पुसला गेला, तर मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस रडले असते, आणि माझं होतं ते माझ्याजवळ राहिलं असतं. तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. तुम्ही वाईट माणूस नाही हे मला कळतं. त्यानेही काही होत नाही.

माझं लिखाण पुस्तकातून काढा. विल्फ विचारेल तेव्हा मी सांगेन की पुस्तक बारगळलं. तुम्ही आमच्याकडे कधीही येऊ नका. तो तुमचा हात हातात घेईल, आणि मला ते बघवणार नाही.

आणि एक काम आहे. विल्फ रोज जेवणानंतर टेप लावतो, त्याच जागी मागे-पुढे, मागे-पुढे, आणि मला हाक मारतो, "ये गं, ऐक." मी जाऊन बसते. "ऐकलंस?" म्हणतो. मी ऐकलं म्हणते. त्यामुळे टेप तिथे चुरगळत चाललीय. काल ओरडणं निम्म्यात तुटलं, पुढे नुसती घरघर. त्याने चारदा लावून बघितलं आणि मग काही न बोलता खुर्चीत बसून राहिला, अगदी पूर्वीसारखा. चहाही घेतला नाही.

तेव्हा नवीन प्रत पाठवा. आधी होती तशीच हवी, त्याच बाजूला, त्याच जागी, ते गिटारीचं खालून येणारं तेवढंच. दोन पाठवल्यात तर बरं.

सोबत पत्र नको.

एनिड स्टॅनिफोर्थ